सहा खोल्यांचा कारभार

२० फेब्रुवारी १९७५, गुरुवार

चार नंबर सोडून जाणार! महिपती सकाळी गिरणीतून सुटला तो सरळ माझ्या दारात. डोळे तांबारलेले. "बाई, खोली चांगली हाय, तुमीबी चांगल्या हाय. पर माणसाला झोप पायजे की!" तिसरी पाळी करून बिचारा साडेसातला येतो, आठला पाठ टेकतो आणि आठलाच पलीकडे पाच नंबरात सत्तय्याचा हातमाग सुरू होतो. मधे भिंत एकच. खडाखट खडाखट, अंधार पडेपर्यंत. महिनाअखेर — म्हणजे मार्चअखेर — जातो म्हणाला.

चूक माझी. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, खोली दाखवली तेव्हा सत्तय्या बिऱ्हाडासकट लग्नाला गेलेला, माग बंद. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "इथं दिवसा कसला म्हणून आवाज नाही." नव्हताच त्या दिवशी! ध्यानात ठेव, दाक्षायणी — खोली दाखवायची ती रोजच्यासारख्या दिवशी.

२१ फेब्रुवारी

बातमी भावजींच्या कानावर गेलीच. संध्याकाळी हजर. चहा घेतला, मग हसले. "वहिनी, पाडवा जवळ आला की."

माहीत आहे मला. हे गेल्यावर चाळीचा कारभार धाकटे दीर म्हणून चनबसप्पा भावजींनीच उचलला होता. गेल्या पाडव्याला मी चार वडीलधाऱ्यांसमोर तो मागून घेतला. तेव्हा त्यांनी अट घातली — वर्षानं सहाच्या सहा खोल्या भरलेल्या दिसल्या तर कारभार कायमचा तुमचा. एक जरी रिकामी निघाली तर चाळ विकायची. गिऱ्हाईक तयारच आहे त्यांचं, एक पॉवरलूमवाला. विकली की चाळीलगतचं माझं घरही जाणार आणि मी राहायचं त्यांच्या घरी, माजघराच्या कोपऱ्यात, वाढेल ते खायचं. रागाच्या भरात हो म्हटलं होतं. पण म्हटलं होतं.

२४ फेब्रुवारी

भावजींचा सल्ला — सत्तय्याला काढा. "नळ तोडा त्याचा. पंधरा दिवसांत आपोआप जातो. मी असंच करत हुतो."

असंच करत होते! म्हणून तर यांच्या कारभारात दोन खोल्या कायम ओस असायच्या. अकरा वर्षं इमानानं राहिलेल्या माणसाचं पाणी तोडायचं? मी नाही तोडणार.

२६ फेब्रुवारी

सत्तय्याकडे जाऊन बसले. माग दुपारी तरी थांबवशील का, विचारलं. त्यानं हातातला मागाचा धोटा माझ्यापुढे धरला. "अम्मा, माग बंद तर चूल बंद." बायको आत सुताच्या कांड्या भरत होती, तिचे हात थांबले. मी उठले. विचारायलाच नको होतं.

२ मार्च, रविवार

आज जाऊ आली होती, ईरम्मा. भावजींनी निरोप देऊन पाठवलेली — पॉवरलूमवाला मंगळवारी चाळ बघायला येतो म्हणून. येऊ दे, बघायला पैसे पडत नाहीत!

महिपती गावी गेलेला, माळशिरसकडे, बायकापोरांना भेटायला. किल्ली देऊन गेलाय. मनात आलं, आपण कधी झोपलोय का त्या खोलीत? चटई टाकली आणि भर दुपारी आडवी झाले. ईरम्माही शेजारी लवंडली. बाप रे! मागाचा प्रत्येक ठोका पाठीतून वर येतो. फळीवरची भांडी वाजतात. अर्ध्या तासात डोकं उठलं. आणि ईरम्मा? घोरत होती! तासभर हललीसुद्धा नाही.

उठल्यावर म्हटलं, अगं एवढ्या गोंगाटात झोप लागते कशी तुला? "अक्का, माग वाजतो, पर मला हाका तर मारत न्हाय की," म्हणाली. हसली. मीही हसले.

३ मार्च

भाडेकरूला खोलीबद्दल काही सांगण्याआधी घरमालकानं त्या खोलीत एक दुपार काढावी. हे कुणी शिकवत नाही. मीच शिकले.

५ मार्च

सापडलं!! भाजी चिरता चिरता सापडलं. मी सारखी विचार करत होते, आवाज कुठे हलवायचा. आवाज कशाला, माणूस हलवायचा! दिवसा घरी कोण नसतं? एक नंबरची सोजरबाई. ती आणि तिच्या दोघी लेकी सातला विडी कारखान्यात जातात, दिवेलागणीला परततात. तोवर सत्तय्याचा माग थांबलेला असतो. सोजरबाईनं चार नंबरात यायचं, महिपतीनं एक नंबरात जायचं. एक नंबर चाळीच्या पार टोकाला, तिथं मागाचा म उमटत नाही. इतके दिवस कुठं गेली होती माझी अक्कल!

६ मार्च

सोजरबाई ऐकत नाही. "मी न्हाय हलणार. नळ माज्या उंबऱ्याशी हाय."

तेही खरंच. नळाला पाणी पहाटे पाच ते आठ. आणि सासऱ्यांच्या काळापासूनचा रिवाज — खोलीचा नंबर तोच पाण्याचा नंबर. एक नंबर आधी भरणार, सहा नंबर शेवटी, पाणी उरलं तर. चार नंबरात गेली की हिचा नंबर चौथा. पोरींची वेळ चुकली तर कारखान्यात त्या दिवशी विड्यांची पानंच मिळत नाहीत. कोण हलेल?

७ मार्च

मग रिवाज मोडायचा. सासऱ्यांची क्षमा मागून मोडायचा.

९ मार्च, रविवार

सगळ्यांना अंगणात बोलावलं. सांगितलं — उद्यापासून पाणी खोलीच्या नंबरानं नाही, कामाच्या वेळेनं. जो आधी कामाला लागतो तो आधी भरणार. सोजरबाई पहिली, कुठल्याही खोलीत राहो. मग सत्तय्या. महिपती सगळ्यात शेवटी, तो येतोच साडेसातला. दोन नंबरचा कोंडीबा, कचेरीतला शिपाई, उसळला. "बाई, ह्यो अन्याव हाय! माजा दुसरा नंबर हाय." म्हटलं, कोंडीबा, तुमची कचेरी अकराला. सगळे हसले तेव्हा तोही हसला.

सोजरबाई म्हणाली, "लिवून द्या." दिलं! भिंतीवर गेरूनं लिहिलं, मोठ्या अक्षरात.

१० मार्च

कोंडीबानं पहाटे चारलाच हंडा लावून ठेवला होता. मी तो उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवला. नवा नियम — नंबर माणसाचा, हंड्याचा नाही.

११ मार्च

आजही पाचला नळावर उभी. कोंडीबानं राम राम केला. जरा फुगूनच.

१६ मार्च, रविवार

खोल्यांची अदलाबदल झाली. सत्तय्यानं सोजरबाईची चूल उचलून आणली, महिपतीनं तिची ट्रंक. दोन्ही खोल्यांना चुना मी माझ्या खर्चानं दिला. माणूस हलवायचा तर त्याला मिळणारी खोली आधीपेक्षा बरी दिसली पाहिजे.

१९ मार्च

महिपती दुपारी तीनला उठला! अंगणात येऊन आळस दिला आणि म्हणाला, "बाई, मी कुटंबी जात न्हाय." मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही. स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला आणि एकटीनं खाल्ला.

२८ मार्च

पॉवरलूमवाला पुन्हा आला होता. भिंतीवरचं गेरूचं वाचत उभा राहिला. जाताना म्हणाला, "बाई, माझ्या कामगारांच्या खोल्या बघता का? पगार देतो." चाळ विकत घ्यायला आलेला माणूस! मी म्हटलं, बघू.

१२ एप्रिल, शनिवार, पाडवा

जिंकले! सहाच्या सहा भरलेल्या. भावजी आणि चारी वडीलधारे आले. भावजींनी प्रत्येक दारात डोकावून पाहिलं, चार नंबरात तर आतच शिरले. सोजरबाईनं त्यांच्या हातावर गूळ-कडुनिंब ठेवला. चावताना त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि ते नुसतं कडुनिंबानं नव्हे! चौघांतले महादेवप्पाकाका म्हणाले, "चनबसप्पा, कारभार हिचा. विषय संपला." ईरम्मा मागं उभी होती. सगळे गेले तरी ती उंबऱ्यात थांबून सहाही दारांकडे बघत होती. भावजींनी हाक मारली तशी गेली.

आज हे असायला हवे होते. फार आठवण आली. पण रडले नाही, आज नाही.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आठला दारात ईरम्मा. एकटी. काखेत गाठोडं.

"अक्का, एक खोली दे. माज्या नावानं. विड्या वळीन, भाडं देईन."

भावजींना सांगितलंस का, विचारलं. तिनं गाठोडं सोडून दाखवलं. दोन लुगडी आणि तवा. "चुलीवरचा तवाच आणलाय. जेवायच्या वेळंला कळंल त्यास्नी."

चाळीत खोली एकही रिकामी नाही. माझ्या घरातली पुढची खोली रिकामी करून दिली. ती आत झोपली आहे. इथं तिला हाका मारायला कुणी नाही. बारा वाजत आले. भावजी येतीलच आता. येऊ देत!