वकील कंपनीचा, सही माझी

अण्णा, आज अध्यक्ष स्वतः जीप घेऊन माझ्या दारात आले. एरवी बैठकीचा निरोपही दुसऱ्याच्या हाती धाडणारा माणूस, त्यामुळे कुठंतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं. तुम्ही गेल्यावर इथं ताडकळसला आम्ही शेतकऱ्यांनी मिळून बियाण्याची कंपनी काढली. संचालक मंडळात एक बाई हवी म्हणून मला घेतलं. गेल्या साली कंपनीचं सोयाबीन कितीतरी जणांच्या रानात उगवलंच नाही. त्यांनी परभणीला ग्राहक न्यायालयात कंपनीवर आणि आम्हा सगळ्या संचालकांवर दावा लावला.

चहा घेता घेता अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमी कशाला घोर करायलाव? कंपनी काढली तवाच मंडळानं ठराव केलाय. वकील कंपनीचा, खर्च कंपनीचा, उद्या संचालकाला काही भरायचं निघालं तरी कंपनीच भरंल. तुमी निस्ती इथं सही करा." इतक्या गोड माणसाचा कागद दोनदा वाचावा, तसा मी वाचला. बी खराब असल्याची कुणाही संचालकाला कल्पना नव्हती, असं न्यायालयात द्यायचं म्हणणं त्यात लिहिलेलं. मी विचारलं, "आन् कल्पना असली तर?" ते हसले. "मग ठराव लागू न्हाई. जाणूनबुजून केलेल्याला कंपनी कशी पाठीशी घालंल? ज्याचं त्यानं निस्तरायचं." हे त्यांनी इतक्या प्रेमानं सांगितलं, की माझ्याच घरचा चहा मला नकोसा झाला.

ते गेल्यापासून चुडाव्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. पेरणीआधी तुम्ही ओल्या गोणपाटावर दाणे रांगेनं मांडताय, गुंडाळी करून माठामागं ठेवताय. मला दम निघत नाही, मी उघडायला जाते आणि तुमची चापट बसते. "उघडू नको. त्याचं त्याला सांगू दे." सख्ख्या भावानं दिलेलं बीसुद्धा तुम्ही गोणपाटात घातल्याशिवाय पेरलं नाही. काका रुसले तर म्हणालात, "तुझ्यावर भरोसा हाय रे. बियाला काय ठाव तू माझा भाऊ हायस?" मी सासरी निघाले तेव्हा साड्यांच्या पेटीत तुम्ही तो गोणपाटाचा तुकडा घातला होता. इथल्या बायका लय हसल्या होत्या.

त्याच तुकड्यात गेल्या साली विक्रीआधी मी कंपनीचं बी घातलं. निम्मंही उगवलं नाही. बैठकीत गुंडाळी उघडून दाखवली, तर अध्यक्ष म्हणाले, "आपल्याकडं प्रयोगशाळेचा दाखला हाय, हे पोतेरं घरी न्या." सगळे हसले, विक्रीचा ठराव झाला, आणि माझं बोलणं इतिवृत्तात कुणी घेतलंच नाही. आता गंमत बघा. खोटी सही केली तर मी कंपनीच्या छायेत. खरं बोलले तर मला ठाऊक होतं हे मीच कबूल केलं, म्हणजे वकील माझा मी बघायचा आणि भरपाईपायी रान जायची पाळी. ज्यांनी बी तपासलंच नाही ते मात्र निर्दोष. मला राग येतो अण्णा, आणि भीतीही वाटते. ठरावातलं हे कलम त्या दिवशी बैठकीत हसताना अध्यक्षांना ठाऊक होतं का, हा किडा डोक्यातून जात नाही.

सही न्यायला ते उद्या सकाळी येणार आहेत. मी करणार नाही, हे ठरलंय. तुम्ही असता तर पाठीवर हात ठेवला असता. पण हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या बैठकीनंतर कंपनीची गोष्ट बाहेर कशाला, म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना अवाक्षर बोलले नाही. स्वतःच्या पेरणीला मात्र घरचं बी काढलं. दावा लावणाऱ्यांत माझ्या बांधाला बांध असलेली बाई आहे. तिचं रान उघडं पडलं होतं तेव्हा माझं हिरवंगार होतं, आणि ती रोज त्याच बांधावरून जात होती.