सतराव्या नंबरावरचं गाणं

शनिवार, रात्र. लातूर.

आमच्या बँडचं तिसरं गाणं अजून सतराव्या नंबरावरच हाय. मराठी ख्रिस्ती गाण्यांच्या ऑनलाइन यादीत आधीची दोन्ही पहिल्या दहात होती. मग यालाच काय झालं? गिटारचा आवाज लई झाला का? की चर्चमधल्या उपासनेवाल्यांना रॉक नकोच हाय? दिवसभर फोनच बघत बसलो. जेवताना आईनंच विचारलं, "कितवं हाय रं आता?" सतरावं.

जेवणानंतर रोजची घरची प्रार्थना. प्रत्येकानं आपली विनंती मोठ्यानं सांगायची असते. माझी पाळी आली आन् तोंडातून निघून गेलं, "प्रभू, सतरावरून वर ने." सगळ्यात मोठ्यानं "आमेन" आई म्हणाली.

परवा तिच्या हृदयाचं ऑपरेशन हाय. मला ते तिच्या आमेननंतर आठवलं.