पत्र्यावर तापलेलं पाणी

माय, गाडी माकणीला उभी हाय. परतीला अजून अवकाश हाय, कंडक्टर पोरगी लिंबाखाली उभी राहून फोनवर घरच्यांशी बोलतीय, आणि मी डबा उघडायच्या आधी तुला लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर अक्कानं वाचून दाखवलं असतं, आणि मधी मधी स्वतःचंच दोन शब्द घुसडलं असतं. तू जाऊन आता इतकी वर्षं झाली की माझ्या डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. पण आज सकाळी रिपोर्ट हातात आला आणि पहिल्यांदा तूच आठवलीस. साखर उतरली, माय. गाडी माझ्या हातातच राहिली. सकाळपासनं लई हलकं वाटतंय, बेंबळीच्या पुढचे खड्डेसुद्धा आज लागले न्हाईत.

पहिल्यापासनं सांगतो, न्हायतर तू म्हणशील ह्याला सांगायची रीत न्हाय. तुझी सून गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात आया म्हणून लागली. सकाळची पाळी. ती उंबऱ्याबाहेर पडते तवा मी दात घासत असतो. तवापासनं माझा डबा बंद झाला आणि मी स्टँडवरचं खायला लागलो. कुठं भजी, कुठं वडापाव, कुठं तर्री घातलेली मिसळ. डायव्हरला हॉटेलवाला चहाचं काही घेत न्हाय, आणि त्या चहात साखर जरा जास्तच पडती. मला आपलं वाटायचं, चैन चाललीय. मग डेपोत तपासणी झाली. डॉक्टर पोरगाच होता, पण सरळ बोलला. "काका, बाहेरचं खाणं बंद करा. पुढच्या तपासणीला ही साखर खाली आली नाही, तर गाडी चालवायला मी तुम्हाला योग्य म्हणून लिहू शकणार नाही." म्हणजे काय ते मला समजलं. चालवणं बंद, डेपोत बसायचं, दुसऱ्यांच्या गाड्यांच्या टायरात हवा भरायची. माय, मला दुसरं काही येत न्हाय. गाडी मात्र मला येती. त्या दिवशी घरी जाताना मी पायऱ्यांवर बसून राहिलो आणि मला खरंच भ्या वाटलं.

तुझ्या सुनेला सांगितलं तर ती तापली. म्हणाली, "ह्याच्याहून लवकर उठायचं म्हणलं तर मी झोपायचंच कशाला? तुम्हाला हात हायेत की." मीही तापलो. म्हणलं, आमच्या घरात बाप्या माणसाला चुलीपुढं बसल्यालं मी बघितलं न्हाय. ती म्हणाली, "मग आता आरशात बघा." दोन दिवस आमचं बोलणं सासरी असलेल्या लेकीमार्फत, फोनवरनं चाललं. तिसऱ्या दिवशी मी अक्काला फोन लावला. तुझी थोरली लेक बेंबळीत बसून अजून साऱ्या घराण्यावर हुकूम चालवती. तिनं मला फोनवर भाकर शिकवली. "पीठ थंड पाण्यात मळू नको रं, पाणी उकळू दे, त्यात पीठ टाक, उकड काढ. मग दुपारपर्यंत भाकर मऊ राहती." पहिल्या भाकरी तव्यावर टाकतानाच फाटल्या. चतकोर, नितकोर, जे हातात आलं ते. मी तशाच फडक्यात बांधून न्हेल्या. डब्यात त्या शेवटी मोडूनच खायच्या असतात, असं मनाला म्हणलं.

आता रोजचं बसलंय. आदल्या दिवशी मटकी भिजवायची, फडक्यात बांधून खुंटीला टांगायची, मोड आले की कांद्यावर परतायची. शेंगाची चटणी आठवड्याची एकदमच कुटून ठेवतो. काकडी न्हायतर मुळा, एक कांदा. भाजी जास्त झाली तर तीच दुसऱ्या दिवशी पिठात कालवून धपाटं. अवघड काही न्हाय, माय. इतकी वर्षं मला ते अवघड वाटत होतं, कारण मी कधी करून बघितलं नव्हतं. स्टँडवर एका दिवसाला जे जायचं त्यात आता घरात बरंच येतं, आणि दुपारी स्टेअरिंगवर डुलकी येत न्हाय. कंडक्टर पोरगी पहिल्या दिवशी डबा बघून म्हणाली, "मामा, मामीला सुट्टी दिली का?" म्हणलं, मामीनं मला कामाला लावलंय.

पण तुला सांगायची गोष्ट येसरची हाय. तू करायचीस ते येसर, भाजलेल्या डाळी-मसाल्याचं आमटीचं पीठ, तुझ्यामागं आमच्या घरात कुणी केलं न्हाय. लग्नाच्या पंगतीत आमटी प्यायची तेवढीच. अक्काला मी बोलता बोलता म्हणलं, डब्यात कालवण सांडतं, नुसतं कोरडं खाऊन घसा धरतो. ती म्हणाली, "अरं मग मायसारखं येसर न्हे की." दोन दिवसांनी बेंबळीला गाडी थांबली तर ही रस्त्याला उभी. खिडकीतून दोन पिशव्या आत टाकल्या. एकीत येसर, दुसरीत माझ्या नातीसाठी सातूचं पीठ. कोणती कोणाची ते ती सांगत होती, तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न धरला आणि तिचं बोलणं त्यात गेलं. दोन्ही भाजलेली पिठं, दोन्ही बदामी, दोन्ही दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. नात आली की द्यायची सातूची म्हणून एक मी माझ्यापाशी ठेवली, दुसरी येसर म्हणून घरी धाडली.

दुसऱ्या दिवशी हितंच, माकणीला, मला सातू खायची हुक्की आली. खिशात गुळाचा खडा होता. गूळ म्हणजे काही साखर न्हाय, अशी मीच माझी समजूत घातली. झाकणात पीठ घेतलं, गूळ फोडला, पाणी ओतून कालवलं आणि मोठा घास घेतला. मिरची, धने, लवंग आणि त्यात गूळ. कानातून वाफ निघाली. पोरगी पळत आली. "मामा, काय झालं, ठसका लागला?" म्हणलं, "येसर हाय गं. त्यात म्या गूळ घातलाय." ती खाली बसून हसली. म्हणाली, "लग्नातली आमटी आणि लग्नातलं गोड तुम्ही एकदमच उरकलं की." घरी तुझ्या सुनेनं सातूच्या पिठाला लसणाची फोडणी दिली होती, ते वेगळंच. आणि गुळाचं तिला कुणी सांगितलं ते मला अजून कळलं न्हाय, पण संध्याकाळी मला लई बोलणी बसली.

पण माय, त्या घासात गुळाच्या खाली तुझी चव होती. मी थुंकलो न्हाय, गिळला. आणि मला एकदम तेरखेडा दिसलं. तू फटाक्याच्या कारखान्यात सुतळी गुंडाळायला जायचीस. सुट्टीच्या दिवशी मी तुझ्यामागं यायचो, मला आत घेत नसत, मी लांब बांधावरच्या खोलीपाशी थांबायचो. बायकांच्या चपला आणि डबे त्या खोलीत असायचे. आसपास काडी ओढायची बंदी, चूल तर लांबच. सगळ्या बाया थंड कोरडं खायच्या. तू मात्र सकाळी आल्या आल्या जर्मनचं काळं पडलेलं पातेलं पाण्यानं भरून त्या खोलीच्या पत्र्यावर ठेवायचीस, वर झाकण, झाकणावर दगड. जेवायच्या सुट्टीला पातेलं खाली काढताना पदर धरावा लागायचा, इतकं पाणी तापलेलं. मग कोरड्या येसरात लसणाची फोडणी घरूनच कालवून आणलेली असायची, त्यावर ते पाणी. आमटी. बाया आपापले वाडगे घेऊन तुझ्याभोवती बसायच्या. एक म्हातारी म्हणायची, "हिनं सूर्यालाच सैपाकाला लावलं बघा." तू म्हणायचीस, "येसर आधीच भाजल्यालं असतंय, त्याला फकस्त ऊन पाणी लागतं. भाजायचं काम म्या घरी उरकलंय."

आता माझं ऐक. ह्या जुन्या गाडीत इंजिनाचं बॉनेट डायव्हरच्या डाव्या हाताला असतं, आणि ते तापतं. आधी मी त्याला शिव्या द्यायचो, उन्हाळ्यात पाय भाजतो म्हणून. आता धाराशिवातनं निघताना स्टीलच्या डब्यात पाणी भरून, झाकण घट्ट लावून त्यावर ठेवतो, पटक्यानं बांधून. माकणी येईपर्यंत पाणी तापतं. येसर टाकलं, ढवळलं, झालं कालवण. भाकर कुस्करून खाल्ली की चार वाजेस्तोवर चहाची आठवणसुद्धा येत न्हाय. पोरगीही आता आपला वाडगा घेऊन येती. डेपोत दुसऱ्या दोन डायव्हरांनी विचारलंय, मी त्यांना तुझं नाव सांगितलं. म्हणजे माझ्या मायचं हाय हे, असं सांगितलं.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात लहानपणापासनं बसली होती. तू मला कधी घास भरवला न्हाईस. शेजारची काकू तिच्या पोरांना मोठी झाली तरी भरवायची. मी कारखान्याच्या त्या खोलीपाशी तुझ्यापुढं बसायचो, तोंडाचा आ करायचो, आणि तू म्हणायचीस, "तोंड मिट. आपल्या हातानं खा." माझ्यापुढं भाकर ठेवतानाही फडक्यानं धरून ठेवायचीस, हात लागू द्यायची न्हाईस. मला वाटायचं, हिला माझा कंटाळा हाय. अक्काला भरवलं असंल, मलाच न्हाय. तुला मी हे कधी विचारलं न्हाय. मोठा झालो, लग्न झालं, तू गेलीस, तरी ते तिथंच होतं, चपलेतल्या खड्यासारखं.

गेल्या रविवारी माझी लेक नातीला घेऊन घरी आली होती. मी ड्युटीवरून आलो, वाटेत गाडीचा पट्टा तुटला होता, हात ग्रीसनं भरलेले. साबणानं धुतले तरी नखांत काळं राहिलंच, आणि डिझेलचा वास तर जातच न्हाय. जेवायला बसलो. नात रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं तोंडाचा आ केला. माझा हात आपोआप मागं गेला आणि तोंडातून निघालं, "आपल्या हातानं खा, बाळ." लेक म्हणाली, "अप्पा, असं काय करता, लहान हाय ती." मी तिला काय सांगणार. मला तुझी बोटं दिसत होती. फटाक्याच्या दारूतल्या चंदेरी भुकटीनं भरलेली, नखांच्या कडा चकाकणाऱ्या. तू राखेनं घासायचीस, मग मातीनं, मग पुन्हा राखेनं, आणि तरी हात नाकाशी न्हेऊन बघायचीस. तो हात तुला माझ्या तोंडात घालायचा नव्हता. एवढंच होतं ते. माय, मला इतकं बरं वाटलं की ताटावरच डोळे भरून आले, आणि तुझ्या सुनेला वाटलं मिरची लागली.

आज रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाला, "काका, काय केलं काय?" म्हणलं, आपल्या हातानं खायला लागलो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय, पण तोही हसला आणि सही केली.

पोरगीचं बोलणं संपलं, ती वाडगा घेऊन इकडंच येतीय. पाणी तापलंय, झाकणातून वाफ निघतीय. हा कागद घडी घालून मी डब्याखालीच ठेवणार हाय, बॉनेटवर डबा लई खडखडतो. एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी मी पुन्हा उठलो. शेजारच्या घरातून चुलीतली राख मागून आणली, नखं घासली, हात मातीनं धुतले, साबणानं धुतले, नाकाशी न्हेऊन बघितले. मग नातीला मांडीवर घेतलं आणि आमटीत भिजवलेली भाकर तिला माझ्या हातानं भरवली. तेवढं तुझं ऐकलं न्हाय.