पद्मजाची पट्टी

४ जानेवारी १९८७
आज मंगळवार पेठेतल्या घरी आले. सोबत गारगोटीहून आणलेली ट्रंक, बी.ए.ची पदवी आणि नवरा! माहेरी पहिली पदवी माझी. वडील शिंपीकाम करतात. हे हायस्कुलात शिकवतात. यांची मूत्रपिंडं निकामी होत आलीत आणि पहिली बायको पद्मजा बाळंतपणात गेली, हे ठाऊक असून मी होकार दिला. माणूस वाचवण्याहून मोठं काम कोणतं?

यांच्या थोरल्या बहिणीला सगळे आक्काच म्हणतात. त्यांनी उंबऱ्यातच माझ्या गळ्यात पद्मजाचा चांदीचा टाक, गेलेल्या सवतीची छोटी प्रतिमा, घालायला काढला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं तो घालायचा; नवं लुगडं, पहिला घास आधी तिला दाखवायचा. मी हसून नको म्हटलं. आक्का म्हणाल्या, "बी.ए. झालीस म्हणून सवत भिऊन पळाली व्हय?" मीही हसले. टाक देव्हाऱ्यात ठेवला.

११ जानेवारी
डॉक्टरांनी यांच्या उजव्या हासळीच्या हाडाखाली, मोठ्या शिरेत नळी बसवली. बाहेर दोन तोंडं, एकाला लाल झाकण, एकाला निळं. यातून रक्त यंत्रात जातं, धुऊन परत येतं. डाव्या हातातल्या दोन शिरा एकमेकींना जोडल्यात. त्या फुगून सुई टोचण्याजोग्या झाल्या की नळी निघेल. तोवर जंतू शिरला तर जीवावर बेतेल.

सिस्टरनी मला सगळं शिकवलं. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, दोघांच्याही तोंडाला फडकं, तपकिरी औषध आतून बाहेर गोल लावायचं, वर गॉज, वर चिकटपट्टी. पाणी लागू द्यायचं नाही. झाकणं घरी कधीच उघडायची नाहीत. आणि पट्टी एकाच माणसानं बदलायची. ते माणूस मी. दवाखान्यातून येताना रिक्षात मला नव्या नवरीसारखं वाटलं.

१९ जानेवारी
आज पट्टी काढायला बसले तर चिकटपट्टीची टोकं दुमडलेली. सोलताना कातडी ओढू नये म्हणून कुणीतरी काळजीनं दुमडलेली. मी दुमडत नाही. आक्कांची बोटं संधिवातानं वाकडी. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, पद्मजा असंच करायची. यांच्या गळवावरची पट्टी असो की पुस्तकाचं कव्हर.

हे म्हणाले, काल दुपारी किती हलक्या हातानं केलंस.
काल दुपारी मी मंडईत होते.

२३ जानेवारी
खरं लिहायचं तर भीती नाही वाटली. राग आला. शिकले मी, जागते मी, आणि हात हलका तिचा? आज मीही टोकं दुमडली. हे म्हणाले, आज दुखलं गं.

२६ जानेवारी
न्हाणीत गेले तेवढ्यात नवी पट्टी. जखम कोरडी, स्वच्छ. माझ्याहून स्वच्छ. सिस्टर म्हणाल्या, शाब्बास, अशीच काळजी घ्या. कौतुक तिचं, मान मी डोलावली.

आक्का रडकुंडीला आल्यात. "घाल की गं तो टाक. तिचं तिला दिलं की गप बसंल ती."
नाही. नवरा वाटून घ्यायला मी आले नाही.

२९ जानेवारी
हे झोपेत हसले. नाव घेतलं.
माझं नव्हे.

१ फेब्रुवारी
पुन्हा तिचीच पट्टी. ओरबाडून काढली. हात धुतले नाहीत, फडकंही नाही — खाली आणखी एक. टोकं दुमडलेली. तिच्याखाली आणखी. ओढत गेले — नळी धरलेले टाके तुटले — नळीच हातात आली — रक्त —

आक्का रिक्षा आणायला धावल्यात. उजवा तळवा जखमेवर दाबून धरलाय, डाव्यानं लिहितेय. लिहिलं नाही तर किंचाळेन. हात सुटला तर हे जातील.

यांनी डोळे उघडले. माझ्या खांद्यामागं बघून हसले. म्हणाले, तू सोड आता, ती धरेल.

नाही सोडणार. माझा —

गार बोटं. माझी एकेक उचलतेय. करंगळी सुटली. अनामिका —