पाणी सोडलं

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा मुलाच्या नव्या घरी! चिरंजीव आणि सूनबाई दोघंही कामावर, म्हणून घर आणि पाच वर्षांची नात ठकी माझ्या स्वाधीन. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, कवितांच्या जुन्या पुस्तकांना फळी आहे आणि भिंतीपलीकडे कपडे धुण्याचं मशीन. आधीचे मालक ते इथेच ठेवून गेले. गोल काचेचं दार, आत गरगरणारं पाणी. मी आणि ठकी त्यापुढे मांडी घालून बसलो आणि माझी शाळेतली कविता म्हटली:
ओढ्या ओढ्या, थांब जरासा,
होडी माझी येऊ दे!
वर्गात पहिली ओळ मी म्हणायचो, दुसरी शेजारच्या बाकावरची मुलगी. पुढे तीच माझी बायको झाली. ती गेली, पण दुसरी ओळ अजून तिच्याच आवाजात ऐकू येते.

५ फेब्रुवारी
मशीन अडलं. कपडे धुऊन झाले, पण पाणी आत तुडुंब आणि दार उघडेना. आत हिची तपकिरी शाल. लोकरीचं हातानेच धुवा, असं सूनबाईने बजावलं होतं. पण माझं शहाणपण आडवं आलं! मागची नळी पाहिली, कुठे मुरगळलेली नाही. दुरुस्तीवाला आला. त्याने खालचं झाकण फिरवून जाळी काढली, स्वच्छ. झाकण उघडं, खाली परात धरलेली, तरी थेंब पडेना. त्याचा चेहरा उतरला. मशीन ठणठणीत आहे आजोबा, म्हणाला, फक्त पाणी सोडत नाही. मी म्हटलं, अरे, माणसाचं काही सुटत नाही, मशीनचं काय घेऊन बसलास! तो हसला नाही. हत्यारं गोळा करून निघाला.

६ फेब्रुवारी
सकाळी वैतागून मशीनलाच सुनावलं, जा, त्या शालीवर मी पाणी सोडलं! शब्द तोंडातून निघायचा अवकाश, गळगळ करत पाणी उतरलं. दार खट्कन उघडलं. बाकी सगळे कपडे आहेत. शाल नाही. जाळीत एक धागासुद्धा नाही. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही आत टाकलीच नसणार.

९ फेब्रुवारी
पुन्हा तुंबलं. जेवताना मी माझी युक्ती सांगितली. चिरंजीव म्हणाले, वा, आता मशीनलाही कविता शिकवा! सूनबाई हसत काचेत डोकावली नि म्हणाली, घे बाई, माझ्या झोपेवर पाणी सोडलं. तशीही ठकी कुठे झोपू देते!
पाणी लगेच उतरलं. सगळे हसले. मीही.

१२ फेब्रुवारी
त्या दिवसापासून सूनबाईच्या डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डोळे लालभडक. मशीनचा प्लग मीच काढून ठेवला आहे, नळ बंद केला आहे. तरी आत पाणी चढतंय. चिरंजीवांना सांगितलं, तर म्हणाले, तुम्हीपण जरा पडा, बाबा.
ते ऐकतं. घरात कोण काय बोलतं, ते ऐकत असतं. मी बोलणंच कमी केलंय.

१३ फेब्रुवारी
सकाळी ठकी दूध प्यायला तयार होईना. सूनबाई कातावली — या पोरीवर तर मी आता पाणी —
मी तिच्या तोंडावर हात दाबला. वाक्य अर्धंच राहिलं.
पाणीही अर्धंच उतरलं.

दुपार
ठकी पुसून कोरडी होत नाही. केसांतून थेंब — टॉवेलवर टॉवेल — अंग गार. ती आईच्या मांडीवर आहे. आणि काचेआडही आहे. मला पाहून हात हलवते.
चिरंजीव हातोडा मारताहेत. काचेला चरासुद्धा नाही.
जिवाभावाचं काही द्यावं — हिच्या ओळीवर पाणी सोडलं, म्हणालो मोठ्याने. उतरलं. बोटभर. फक्त बोटभर.
ओढ्या ओढ्या, थांब जरासा,
—
नाही आठवत. कोण म्हणायचं ते?

संध्याकाळ
पाणी पुन्हा चढतंय. आतल्या ठकीच्या हनुवटीला लागलं — मांडीवरची ठकी धापा टाकतेय —
आता मीच उरलो. दातखीळ बसली आहे, शब्द फुटत नाही. लिहून काचेला लावतो. वाच. तिला सोड.
या म्हाताऱ्यावर मी पाणी सो