तुझ्या हेडफोनच्या नव्या गाद्या

प्रिय आत्या,

तू गेल्यावर तुला काही लिहीन असं वाटलं नव्हतं. पण काल तुझ्या हेडफोनला नव्या गाद्या बसवल्या, आणि तेव्हापासून एक गोष्ट बाबांना सांगावी की नाही ते कळत नाहीये. तुझे भाऊ आहेत ते. म्हणून आधी तुलाच सांगते.

झालं असं, की अंध मुलींच्या वसतिगृहातून सुषमाताईंचा फोन आला. तू मुलींसाठी वाचून रेकॉर्ड करत होतीस ते अर्थशास्त्राचं पुस्तक त्यांना परीक्षेला हवंय. झालेले धडे तपासून पाठवशील का, म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि तुझं कपाट उघडलं.

हेडफोन तू ठेवलेस तसेच होते. स्टीलच्या मोठ्या डब्यावर ताणून, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबरबँड. डोक्याला आवळू नयेत म्हणून डबा, धूळ बसू नये म्हणून पिशवी. किती जपायचीस गं! पण दर पावसाळ्यात त्या पिशवीत गाद्या चिकट होत गेल्या होत्या. कानाला लावले की काळे पापुद्रे गालावर पडायचे. तुझा आवाज पातळ, पत्र्यातून आल्यासारखा, आणि त्यात सोसायटीतल्या स्कूटर आणि कुकरच्या शिट्ट्या.

कोथरूडमधल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"वापरलेत की लोणचं घातलंत?"

"जपून ठेवले होते."

"तेच म्हणतोय. पकड सैल, गाद्या खलास. मग खालच्या पट्टीतला आवाज गळतो आणि बाहेरचा आत शिरतो. हळूहळू होतं, त्यामुळे रोज वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही."

"आता पहिल्यासारखे होतील?"

"गाद्या नव्या देतो. कान तुमचे जुनेच राहणार."

घरी येऊन शेवटचे धडे लावले. आवाज भरीव झाला होता, तुझाच. आणि त्याच्या खाली तुझा श्वास होता.

शाळेत जायच्या आधी मला वाचायला तूच शिकवलंस. श्वास पूर्णविरामाला घ्यायचा, अधेमधे नाही, म्हणायचीस. या धड्यांत तू "मागणी आणि" म्हणतेस, थांबतेस, बारीक शीळ वाजावी तसा श्वास ओढतेस, मग "पुरवठा". पानोपानी.

बाबा रोज संध्याकाळी मोबाइलवर हेच धडे लावतात. "ऐक, किती खणखणीत वाचते. हिला काही होत असतं तर असं वाचता आलं असतं का? अचानकच झालं ते." मोबाइलच्या स्पीकरवर खणखणीतच वाटतं. या एका गोष्टीच्या आधाराने ते जेवतात, झोपतात.

मला वाटलं, तुलाही कळलं नसेल. तू तपासायचीस ते त्या झिजलेल्या गाद्यांतूनच. हा विचार बरा वाटला. रडू आलं नाही, ते तू गेल्यापासून येतच नाही. मी रेकॉर्डिंगमधले श्वास कापायला घेतले. काही वाक्यं स्वच्छ झालीसुद्धा. मग वाटलं, कोणाला न विचारता कसं कापायचं? सुषमाताईंना फोन केला.

"कापू नकोस," त्या म्हणाल्या. "मुलींना ते फोनवर केव्हाच ऐकू आलं होतं. त्यांनी विचारलंही, बाई, तुम्हाला दम लागतोय का? तर बाई म्हणाल्या, आत्ताच घरचा जिना चढून आले."

आपलं घर तळमजल्यावर आहे, आत्या.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या मुलींना निदान खोटं तरी सांगितलंस. आम्हाला तेवढंही नाही. जेवायला माझ्या शेजारीच बसायचीस ना? मी विचारलं असतं तर मलाही जिनाच सांगितला असतास का? मला राग यायला हवा. बधिर हाताला चिमटा काढून बघावं तसं मी स्वतःला बघतेय. काही लागत नाही.

कापलेले श्वास मी जागच्या जागी परत ठेवलेत. धडे आज जातील, आहेत तसे. उरलेले मी वाचीन.

आणि आज बाबा घरी आले, की चहा झाल्यावर त्यांना आधी सगळं सांगेन आणि मग हेडफोन हातात देईन. ते ऐकोत, न ऐकोत, माझ्यावर चिडोत. मी त्यांच्या शेजारून उठणार नाही. एवढं नक्की.

तुझी,
मुक्ता