स्थिर रेकॉर्डवरची सुई

३ तारीख, सोमवार

नोकरी लागली! कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून घरी रोज उद्धार चालायचा. आता बोला म्हणावं.

महागडे रेकॉर्ड प्लेअर बनवणारं छोटंसं वर्कशॉप आहे. मालक म्हणतात, गाणं वाजवणं सोपं, बाकीचं सगळं गप्प बसवणं हे खरं काम. मोटरची थरथर, जमिनीवरची पावलं, सगळं सुईत शिरतं. म्हणून जड दगडी बैठक, वाळू, रबराचे पाय. तपासणी तर मजेशीरच. रेकॉर्ड फिरवायची नाही, नुसती सुई टेकवायची, आवाज वाढवायचा आणि टेबलावर टिचकी मारायची. स्पीकरमधून ‘धप्प’ आलं की प्लेअर नापास.

मालकांना फार कमी ऐकू येतं. वरच्या मजल्यावर त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. ‘मामी, मामी’ करत तिचं सगळं भाची करते. भाची चहा घेऊन खाली आली आणि मी बराच वेळ स्क्रू उलटाच पिळत बसलो.

८ तारीख, शनिवार

भिंतीतल्या फळीवर एक जुनाट प्लेअर आहे. कायम चालू, रेकॉर्ड स्थिर, सुई टेकलेली. मधूनच स्पीकर दणाणतो: ठक, ठक, ठक. मालक उठून आत जातात, वैतागून जात असावेत. मी दुरुस्त करू का विचारलं, तर म्हणाले, त्याला हात लावायचा नाही. कारण नाही सांगितलं.

१३ तारीख, गुरुवार

मालक भाचीसमोर म्हणाले, अर्धवट सोडायची सवयच आहे तुला. डोकं सणकलं. दाखवतोच.

१४ तारीख, शुक्रवार

सकाळी मालक बाहेर गेले तेव्हा जुन्या प्लेअरच्या फळीखाली जाड रबर घातलं. भिंतीवर बुक्की मारली. चिडीचूप! त्या खुशीत दुपारी, मालक परतल्यावर, भाचीला बाहेर चहाला चल म्हटलं. हो म्हणाली! निघतोच आता.

१५ तारीख, शनिवार

मामी गेल्या.

लिहायलाच हवं. काल चहाच्या टेबलाशी मी भाचीला विचारलं होतं, मामी एकट्या कशा? ती हसली. म्हणाली, काही लागलं तर मामी काठीने जमिनीवर ठोकतात, जुना प्लेअर ते मामांना ऐकवतो, त्यासाठीच तर ठेवलाय.

मला तेव्हाच कळलं. तेव्हाच. पाच मिनिटांचा रस्ता होता. पण तिचा हात माझ्या हातात होता, आणि सांगितलं असतं तर तीही मला अर्धवट म्हणाली असती.

मी अजून एक चहा मागवला.

परतलो तेव्हा मामी पलंगाशेजारी जमिनीवर पडलेल्या सापडल्या. हातात काठी. लाकडी जमिनीवर टोकाचे व्रण, किती ते बघवेना.

१८ तारीख, मंगळवार

मालक म्हणतात, माझ्या बहिऱ्या कानांनी मारलं तिला. भाची म्हणते, मी बाहेर पडले म्हणून. मी तिला रडू नको म्हणालो. एवढंच. रबर गुपचूप काढून टाकलं. लाज वाटते, आणि तरी दोन वेळा जेवण जातं.

२१ तारीख, शुक्रवार

नवा प्लेअर तपासायला घेतला. सुई टेकवली. ठक, ठक, ठक.

वर कोणी नाही. दगड बदलला, वाळू घातली. आवाज वाढलाच.

२२ तारीख, शनिवार

वायर काढली तरी— आता घाईघाईने ठोकतात, श्वास अडकलेल्या माणसासारखं—

२४ तारीख, सोमवार

मालकांनाही ऐकू आलं. ज्यांना दाराची घंटा ऐकू येत नाही त्यांना. आलो गं, आलो, म्हणत जिना चढले. चेहरा केवढा उजळला होता—

भाची माझ्याकडे बघतेय.

ठोके थांबले. वर कुजबुज. दोघांची.

मालक वरून ओरडतायत— ती विचारतेय म्हणे, रबर कुणी— भाची म्हणते, कसलं रबर— सांगतो, मीच त्या सकाळी—